बाण टेकतो कोठे?

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा नावाचे गाव आहे. माळव्यातील या गावाशी आपला काही ऋणानुबंध असेल, असे कोंकणातील वाचकास सहसा वाटणार नाही. परंतु तो ऋणानुबंध ताम्रपटावर कोरलेला आहे. धारचा परमार राजा भोज याने विक्रम संवत् १०७६ मध्ये, म्हणजे इसवी सन १०२० च्या सुमारास, एका विद्वान ब्राह्मणास नालतडाग नावाचे गाव दान दिले. हे दान कोंकण घेतल्याच्या विजयपर्वावर दिले आहे, असा त्या पटात स्पष्ट उल्लेख आहे. इतिहासज्ञ त्यास बेटमा ताम्रपट म्हणतात.

दानपत्र हा कायद्याचा दस्तऐवज होय. दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, गाव कोणते, तिथी कोणती, एवढे त्याने सांगितले की त्याचे काम संपले. कोंकणावर चालून गेलेल्या सैनिकांच्या हातांत कोणते धनुष्य होते, हे सांगण्याचे त्यास प्रयोजन नाही. शस्त्रे चालविणाऱ्या हातांचा इतिहास असा बहुधा दस्तऐवजाच्या बाहेरच राहतो. परंतु बेटम्याहून पश्चिमेस निघून, धार ओलांडून झाबुआ-अलीराजपूरच्या डोंगराळ मुलखात शिरले, की होळीपूर्वीच्या भगोरिया बाजारांत भिल्लांच्या खांद्यावर तीरकमठा अजून दिसतो. त्या तीरकमठ्यासंबंधी एक लहानसा प्रश्न विचारून पाहावा. बाण सुटण्यापूर्वी तो टेकतो कोठे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आपल्या जुन्या ग्रंथांकडे या दृष्टीने पाहिले असता मौज दिसते. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागाराचे वर्णन करताना ताड, बांबू, लाकूड व शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग इत्यादींबरोबर खुद्द बांबूचीही गणना केली आहे. भिल्लाच्या कमठ्याची दोरीदेखील बांबूच्या सालीची असते. तेव्हा ही रीत किती जुनी आहे, हे निराळे सांगावयास नको. अमरकोशात धनुष्याच्या टोकास अटनी, मध्यास लस्तक, दोरीस मौर्वी, ज्या, गुण, आणि दोरीच्या फटक्यापासून हात राखणाऱ्या साधनास गोधा अशी नावे आहेत. मात्र बाण टेकण्याच्या जागेस त्या यादीत नाव नाही. याचे कारण उघड आहे. ती जागा धनुष्यावर नव्हतीच. ती धनुर्धराच्या हातावर होती.

कोणत्या बोटावर, हे मात्र दोरी ओढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. उजव्या हाताच्या अंगठ्याने दोरी ओढली, तर बाण धनुष्याच्या उजव्या अंगास, डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो. मध्य आशियातील घोडेस्वारांची ही पद्धत. मोगल दरबारातील जेडच्या अंगठ्या तिच्याचसाठी घडविल्या जात. उलट दोरी बोटांनी ओढली, तर बाण डाव्या अंगास, डाव्या मुठीच्या तर्जनीच्या पेरावर टेकतो. दोरी धरणारी बोटे तिला किंचित पीळ देतात व त्या पिळाने बाण धनुष्याकडे दाबला जातो. बाजू चुकली तर तोच पीळ बाणास हातावरून खाली ढकलील.

येथे एकलव्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या मुखात सात बाण मारणारा हा निषादराजाचा पुत्र गुरुदक्षिणेत उजवा अंगठा देऊन बसला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु पुढची ओळ फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. त्यानंतर तो बोटांनी बाण ओढू लागला, पण पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. भिल्ल लोक एकलव्यास आपला पूर्वज मानतात, व दोरीस अंगठा न लावण्याची त्यांची रीत त्याच्याच स्मरणार्थ आहे, असे सांगितले जाते. ग्रंथ त्यास निषाद म्हणतो, भिल्ल म्हणत नाही, हे वकिली बुद्धीस दिसतेच. आणि बांबूच्या साध्या लांब धनुष्यास बोटांची ओढ स्वभावतःच सोयीची असते, हेही खरे. तथापि ज्या समाजाने आपल्या हाताच्या सवयीस इतक्या थोर अन्यायाची आठवण जोडून ठेवली, त्याची ही साक्ष पुराव्यात कच्ची असली तरी इतिहासात मोलाची आहे.

आता हातावर टेकलेल्या बाणाचे पुढे काय होते ते पाहू. बाण धनुष्याच्या एका अंगास असतो आणि दोरी धनुष्याच्या मध्याकडे धाव घेते. मग बाण वाकडा का जात नाही? पाश्चात्त्य धनुर्विद्येत यास धनुर्धराचे कोडे म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील हिकमन व क्लोपस्टेग या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने त्याचा उलगडा केला. सुटलेला बाण सरळ राहत नाही. तो माशासारखा लवतो, धनुष्यास वळसा घालतो आणि मग लक्ष्याच्या रेषेवर येतो. बाण फार ताठ असेल तर वळसा पुरा होत नाही, फार लवचीक असेल तर वळसा जास्त होतो. म्हणून हल्ली बाणाचा ताठपणा मोजण्याची रीतच ठरली आहे. २८ इंचांच्या अंतरावर दोन ठिकाणी टेकविलेल्या बाणाच्या मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगावयाचे व तो किती लवतो ते पाहावयाचे.

बांबूचे धनुष्य धरणाऱ्याजवळ हे माप नव्हते. त्याने धनुष्य बदलले नाही, टेकू बदलला नाही. त्याने बाण बदलला. आपल्या कमठ्यास व आपल्या हातास मानवेल अशी काडी निवडणे, ती शेकून सरळ करणे, लोखंडी पात्याच्या वजनास साजेशी लांबी ठेवणे, हीच त्याची जुळवाजुळव. पाते रुंद असेल तर ही पारख अधिकच कडक हवी. कारण रुंद पाते पुढच्या टोकास पिसासारखेच वारा धरते आणि बाणाचा बारीकसा दोष मोठा करून दाखविते.

नव्या युगाने याच्या उलट मार्ग धरला. अमेरिकेत होलेस विल्बर अ‍ॅलन याने चाकांच्या साहाय्याने ओढ हलकी करणारे कंपाउंड धनुष्य शोधले. त्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. मग हाताची जागा टेकूने घेतली. दोरी बोटांनी सोडणाऱ्याचा बाण आडवा लवतो, म्हणून त्यास बाजूने स्प्रिंगचा दाब देणारा टेकू हवा. कळ दाबून दोरी सोडणाऱ्याचा बाण उभा लवतो, म्हणून त्यास खालून आधार देणारा टेकू बरा. खऱ्या पिसांचा बाण टेकूस घासला तरी पिसे दबून पुन्हा उभी राहतात. प्लॅस्टिकची पाती दबत नाहीत, ती बाणास झटका देतात. त्यावर उपाय म्हणजे बाण सुटताच खाली पडणारा टेकू. केसाळ कड्यात बाण सर्व बाजूंनी धरून ठेवणाराही एक प्रकार आहे. त्यात बाण हलत नाही, म्हणून झाडीतून फिरणाऱ्या परदेशी शिकाऱ्यांस तो सोयीचा वाटतो, मात्र पाती त्यातून घासत जातात.

टेकू जुळला की नाही हे काही पावलांवर ताणून धरलेल्या कागदातून बाण मारून पाहतात. भोक गोल पडले तर ठीक. बाणाची शेपटी टोकाच्या वर फाटलेली दिसली तर टेकू किंचित वर घ्यावा, किंवा दोरीवरील खाचेची जागा किंचित खाली आणावी. आणि एका वेळी एकच बदल करावा. या साधनावर आपल्या मुलांनी काय करून दाखविले, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे सातारची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी कंपाउंडमधील जागतिक अजिंक्यपदे मिळविली.

मग जुन्या हाताचे काय झाले? १८२५ मध्ये औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली व त्या तरुणांच्या हातांत बंदूक दिली. १८७८ च्या हत्यार कायद्याने हत्यारांच्या व्याख्येत तोफा-तलवारींबरोबर तीरकमठाही नाव घेऊन घातला. तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, होळकरांच्या मुलखाचा नव्हे. पण राज्यकर्त्यांची दृष्टी त्यात उघड होते. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात नियमांविरुद्ध केलेली शिकार हा गुन्हा ठरविला. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या हत्यार कायद्याच्या व्याख्येत तीरकमठ्याचे नाव राहिले नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली, आणि शिकारीच्या व्याख्येत नुसता प्रयत्नही येतो.

हा शेवटचा कायदा योग्यच आहे. वन्य प्राणी उरले नाहीत तर कोणाच्याही परंपरेस अर्थ उरणार नाही. परंतु कायदा प्रयोजन काढून घेतो, तेव्हा त्या प्रयोजनावर जगणारी विद्या कोठे जाईल, याचा विचार करणे हे कायद्याचे काम नसते. ते समाजाचे काम असते. टेकू पेटीत ठेवता येतो, त्याचा आराखडा काढता येतो, तो मोडला तर दुसरा विकत आणता येतो. तर्जनीचे पेर संग्रहालयात ठेवता येत नाही. कमठा भिंतीवर टांगून त्याखाली चिठ्ठी लावली, की आपण तो जतन केला असे मानतो. प्रत्यक्षात त्याचा निम्मा भाग, म्हणजे बाण जेथे टेकत होता तो भाग, त्या भिंतीवर आलेलाच नसतो.

लक्ष्यवेधास कोणताही कायदा आड येत नाही. आपल्या देवस्थानांच्या जत्रांत कुस्तीचे फड भरतात, बक्षिसे लागतात. तेथे गवताच्या लक्ष्यावर तीरकमठ्याची चढाओढ ठेवावी, आणि ज्यांच्या घरी ही विद्या आहे त्यांस पाहुणे म्हणून नव्हे, तर गुरू म्हणून बोलवावे. दसऱ्यास आपण शस्त्रांची पूजा करतो व कोदंडधारी रामाच्या मूर्तीपुढे हात जोडतो. एकलव्याकडून एकदा दक्षिणा घेतली गेली आहे; त्याच्या वारसांस ती परत करण्याची वेळ आता आपली आहे.