युनिक्स ते लिनक्स : ड्रायव्हर-संहितेच्या मांडणीचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास बहुधा तिच्या गुणांच्या अंगाने लिहिला जातो. तिच्या मूळ संहितेची मांडणी कशी होत गेली, इकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः डिस्क, पडदा, छपाईयंत्र इत्यादी उपकरणे चालविणारी ड्रायव्हर-संहिता कोठे ठेवावी, या वरवर किरकोळ दिसणाऱ्या प्रश्नाशी यंत्राच्या उपयुक्त आयुष्याचा निकट संबंध आहे.

१९७५ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत कर्नेलची संहिता अवघी सुमारे ९,००० ओळींची होती. तिच्या दोन प्रमुख डिरेक्टऱ्यांना 'केन' व 'डीएमआर' ही नावे होती. पहिले नाव केन टॉम्पसन यांचे, दुसरे डेनिस रिची यांची आद्याक्षरे; ड्रायव्हर या दुसरीत असत. यंत्र पीडीपी-११ हे एकच असल्याने विभागणीचे व्यापक तत्त्व शोधण्याची निकड नव्हती. पुढे बेल प्रयोगशाळेत इंटरडेटा ८/३२ या निराळ्या यंत्रावर युनिक्स नेताना यंत्रनिष्ठ व यंत्रनिरपेक्ष भागांतील सीमा आखणे भाग पडले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत व्यक्तिनामे जाऊन 'सिस' व 'डेव्ह' ही कार्यदर्शक नावे आली.

लिनक्सनेही हीच वाट पुन्हा चालली. १९९१ साली ती केवळ ८०३८६ या प्रोसेसरसाठी लिहिली गेली होती. मार्च १९९५ मधील १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क व मिप्स यांना स्थान मिळाले आणि प्रोसेसरनिष्ठ संहिता 'आर्च' डिरेक्टरीत, तर उपकरणांची संहिता 'ड्रायव्हर्स'मध्ये, अशी व्यवस्था रूढ झाली. नेटबीएसडीने याहून सूक्ष्म भेद केला : ड्रायव्हरचा गाभा एकदाच लिहावा आणि त्याला निरनिराळ्या बसशी जोडणारे छोटे भाग स्वतंत्र ठेवावेत.

तथापि ही शिस्त एआरएम चिपांच्या बाबतीत ढासळली. प्रत्येक उत्पादकाने आपली संहिता 'आर्च'खालील स्वतंत्र डिरेक्टरीत साठविली. एकाच कामाच्या अनेक प्रती निर्माण झाल्या. २०११ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी याला तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर बोर्डाचे वर्णन संहितेतून काढून 'डिव्हाइस ट्री' या स्वतंत्र तक्त्यात नेण्यात आले व ड्रायव्हर आपापल्या जातीच्या डिरेक्टरीत हलविले गेले. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीत एकच कर्नेल अनेक उत्पादकांच्या एआरएम चिपांवर चालू लागला.

मांडणीचा हा वाद केवळ तज्ज्ञांपुरता नाही. अँड्रॉइडचा पाया लिनक्स कर्नेल होय. परंतु अनेक फोनांचे ड्रायव्हर मुख्य संहितावृक्षाबाहेर, उत्पादकाच्याच हाती राहिले. मुख्य वृक्षातील ड्रायव्हर कर्नेलमधील बदलांबरोबर सहसा सुधारले जातात; बाहेरचे ड्रायव्हर मात्र उत्पादकाचे लक्ष उडताच मागे पडतात आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या त्या फोनापर्यंत पोचेनाशा होतात. २०१७ पासून गूगलने ट्रेबल व पुढे सामाईक कर्नेल या योजनांद्वारे उत्पादकाचा भाग वेगळा काढला, तो याच कारणास्तव. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावी धडधाकट फोन जुना ठरतो, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा यंत्राच्या झिजेत नसून त्याच्या ड्रायव्हरांना सामाईक वृक्षात जागा न मिळण्यात असते.