गाठ काढली, ताप उतरला

लसिका ग्रंथींच्या स्लाइड बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांतली कॅसलमन आजाराची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही: लहानसं सुकलेलं बीजकेंद्र, भोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या लिम्फोसाइटच्या रांगा, मधूनच आत घुसलेली रक्तवाहिनी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ साली असे १३ रुग्ण मांडले. छातीच्या एक्स-रेत थायमसचा ट्यूमर वाटावा अशी गाठ, पण कर्करोग नाही.

त्या पेशी करत काय होत्या, हे मात्र काचेवर दिसत नव्हतं. १९७२ साली केलर, हॉकहोल्झर आणि कॅसलमन यांनी ८१ रुग्णांचा अभ्यास छापला. बहुतेकांना गाठीखेरीज काही त्रास नव्हता. थोड्यांच्या गाठीत प्लाझ्मा पेशींची दाटी होती, आणि त्यांच्यात ताप, रक्तक्षय, दाह दाखवणारा वाढलेला ईएसआर आढळे. गाठ काढली की हे सगळं ओसरायचं! या आजाराच्या साऱ्या इतिहासात मला हेच निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. एवढीशी गाठ अख्ख्या शरीराला तापवते, म्हणजे ती रक्तात काहीतरी सोडत असणार. म्हणून तर गाठ तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरांना मी सांगत आले, फॉर्मवर ताप आणि हिमोग्लोबिन लिहीत जा.

उत्तर ओसाकात मिळालं. तिथे हिरानो आणि किशिमोतो यांच्या गटाने १९८६ साली इंटरल्यूकिन-६ या रेणूचं जनुक शोधलं होतं. १९८९ साली योशिझाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा रेणू या गाठींच्या बीजकेंद्रांतच भरमसाट तयार होतो. त्यांच्या एका रुग्णाची एकुलती गाठ काढल्यावर रक्तातलं त्याचं प्रमाणही उतरलं. हाच रेणू ताप आणतो, यकृताला सीआरपी हे दाहाचं प्रथिन बनवायला लावतो, प्लाझ्मा पेशी वाढवतो.

गाठी अनेक ठिकाणी असल्या तर शस्त्रक्रिया पुरत नाही. अशांसाठी जपानने २००५ साली टोसिलिझुमॅबला मान्यता दिली, अमेरिकेने २०१४ साली सिल्टुक्सिमॅबला. दोन्ही औषधं इंटरल्यूकिन-६चीच वाट अडवतात.

तरी काहींना गुण येत नाही. अमेरिकेतले डेव्हिड फायगेनबॉम २०१० साली वैद्यकीय विद्यार्थी असताना या आजाराने मरणाच्या दारात गेले, पुढे पुन्हा पुन्हा आजारी पडले. त्यांनी स्वतःचेच नमुने तपासले, तेव्हा टी-पेशी चवताळलेल्या आणि एमटॉर हा पेशीतला मार्ग जागा झालेला दिसला. मूत्रपिंड-रोपणात वापरलं जाणारं सिरोलिमस त्यांनी २०१४ साली सुरू केलं, आणि आजार आटोक्यात आला.