शाळा सुटल्यानंतरचा तास

आज आपण एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा इतिहास बघणार आहोत: गणितात इयत्तेच्या मागे राहिलेल्या मुलाला वेगळा वेळ देऊन शिकवणं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, त्यात पाढे, पावकी, निमकी, दिडकी. पंतोजींच्या शाळेतही आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. ज्याचा जो पाढा चालू, तोच तो घोकायचा. त्या शाळांचे गोडवे आपण गाणार नाही. तिथे छडी होती, आणि दलितांना व मुलींना सहसा जागा नव्हती. पण मुलाच्या वयावरून त्याचा पाढा ठरत नव्हता, एवढं लक्षात ठेवू.

इंग्रजी अमदानीत इयत्ता आल्या, नेमलेली पुस्तकं आली. चौथीच्या बाईंना चौथीचं पुस्तक संपवायचं असतं. आता बघा, ज्याला दुसरीतली हातच्याची वजाबाकी जमली नाही, त्याला भागाकार कसा जमणार? भागाकाराच्या प्रत्येक पायरीवर वजाबाकी आहेच. मूल वर्गात बसतं, फळ्यावरचं उतरवून घेतं, आणि दरवर्षी आणखी मागे पडतं.

१९९० च्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ संस्थेने ‘बालसखी’ सुरू केली. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे आणि अंकओळखीपासून सुरुवात करे. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची काटेकोर तपासणी केली. फायदा झाला तो जवळजवळ सगळा बालसखीकडे गेलेल्या मुलांचा. वर्गात उरलेल्यांची गर्दी कमी झाली, तरी त्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे काय, तर पटसंख्या घटवणं पुरेसं नव्हतं. मूल जिथे अडलंय तिथून शिकवणं, हे खरं काम होतं.

वडोदऱ्यातच चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ ठेवले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास: एक शाळेच्या वेळात, दुसरा शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. गणितात चांगली प्रगती दिसली. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तिच्यातली बरीचशी ओसरली.

आणि मग उत्तर प्रदेशातलं जौनपूर. तिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेरच्या वेळात वाचनाचे वर्ग घेतले. विषय वाचनाचा होता, पण धडा गणितालाही लागू आहे. जी मुलं आली, ती भराभर शिकली. मात्र ज्यांना गरज होती, त्यांतली बहुतेक आलीच नाहीत. साहजिक आहे. शाळा सुटल्यावर कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असतं, कुणाला गुरांमागे जायचं असतं. शिवाय ज्याला गणिताची भीती बसलीय, तो गणितासाठी आपणहून थांबेल कशाला?

इथेच तो प्रश्न येतो: हा तास कुणाचा? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने याचं उत्तर कागदावर दिलंय. प्रत्येक मुलाची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे कलम २४ नुसार शिक्षकाचं कर्तव्य आहे, आणि कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हा तास शाळेचाच. प्रत्यक्षात तो ज्याला परवडतो त्याच्या क्लासचा झालाय, आणि ज्याला परवडत नाही त्याचा कुणाचाच नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: संध्याकाळचे वर्ग जरूर चालवावेत. पण ज्याला वजाबाकी येत नाही त्याला ती शिकवण्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात रोजचा तास हवा. कारण शाळा सुटली की ते मूल आपल्या हाती राहत नाही.