साष्टीचे मळे: पवईच्या उतारावरून भाईंदरच्या बांधावर

साष्टी बेटाच्या मधोमध डोंगरांची एक लांब रांग गेली आहे. दक्षिणेला पवई-विहारच्या टेकड्यांपासून निघून कान्हेरीवरून ती उत्तरेला चेणे, काशी आणि घोडबंदरपाशी वसईच्या खाडीत उतरते. आजचे मीरा-भाईंदर शहर या रांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे खाजण. हिंदुस्थानात चहाचे मळे ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, अठरावे शतक संपता संपता, याच रांगेच्या उतारांवर इंग्रजी पद्धतीच्या मळ्यांचा प्रयोग सुरू झाला. ऊस, नीळ, रेशमासाठी तुती अशी पिके तिथे लावली गेली. ते मळे पाहायला मुंबईहून पाहुणे येत आणि एकदा तर खुद्द गव्हर्नर आले. चहाला मात्र ही भूमी कधीच मानवली नाही.

साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून आले. पोर्तुगीजांच्या काळात वसईच्या कारभाराखाली ही गावे जहागीरदारांकडे आणि धर्मसंस्थांकडे वाटलेली होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि घोडबंदर घेतले, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि पुढची पस्तीस वर्षे बेट पेशव्यांकडे राहिले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची कंपनीकडे गेली. एवढ्या लढायांनंतर कंपनीच्या हाती आलेला मुलूख बराचसा ओसाड होता. खाड्यांचे बांध फुटलेले, गावे विरळ झालेली, डोंगरउतारांवर जंगल माजलेले, आणि पावसाळा सरला की हिवतापाची भीती. मुंबई मात्र वाढत होती, आणि तिला धान्य, गवत, लाकूड, मीठ सारेच बाहेरून लागत होते. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात, १८०५ च्या सुमारास, शीवचा बांधरस्ता पुरा झाला. मुंबई बेटावरून साष्टीत गाडीने जाता येऊ लागले आणि पडीक जमिनीकडे पैसेवाल्यांचे लक्ष वळले.

सरकारचा हिशेब सरळ होता. जमीन ठरलेल्या खंडाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर द्यायची, घेणाऱ्याने भांडवल घालून ती लागवडीखाली आणायची, विहिरी खणायच्या, रस्ते करायचे, कुळे वसवायची. १७९९ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पवईचा पट्टा घेतला. स्कॉट मुंबईत कंपनीचे डॉक्टर होते. देशी पोलाद, रंग, औषधे अशा गोष्टींचे नमुने ते लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवत. अशा चौकस माणसाला डोंगरउतारावरचा मळा म्हणजे एक प्रयोगशाळाच वाटली असणार. पवई, तिरंदाज, साकी, पासपोली, तुंगवे आणि कोपरी ही गावे या जमिनीत मोडत. १८०३ मध्ये भांडुपची जमीन ल्यूक अ‍ॅशबर्नर यांनी घेतली. ते मुंबईचे आल्डरमन आणि ‘बॉम्बे कुरिअर’चे संपादक होते. भांडुपला त्यांनी रम गाळण्याची भट्टी चालवली. पुढे ती जमीन त्यांचेच कारभारी कावसजी माणेकजी यांच्याकडे गेली. यानंतर कुर्ला, विलेपार्ले, जुहू, मालाड अशा एकेका टापूला पट्टेदार मिळत गेले. गोरे व्यापारी हळूहळू मागे सरले आणि पारशी शेठ पुढे आले. गावकऱ्यांच्या तोंडी या साऱ्यांना एकच शब्द होता: खोत.

या मळ्यांपैकी सर्वांत गाजला तो फ्रामजी कावसजी बानाजी यांचा पवईचा मळा. फ्रामजी १७६७ मध्ये जन्मले आणि १८५१ मध्ये वारले. ते मुंबईतले मोठे व्यापारी होते आणि धोबीतलावाची फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट त्यांच्याच स्मरणार्थ उभी राहिली. १८२९ मध्ये पवई त्यांच्याकडे आली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, कारकीर्द संपवून जाण्याच्या बेतात असलेले गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी पवईला भेट दिली. त्यांनी जे पाहिले त्याची नोंद सरकारी कागदांत राहिली. फ्रामजींनी बऱ्याच विहिरी खणल्या होत्या, घरे बांधली होती, चांगला रस्ता केला होता, ऊस, नीळ आणि तुतीची मोठी लागवड केली होती. उसाचा घाणा माल्कम यांच्यासमोर चालवून दाखवला गेला. निळीच्या कारखान्याच्या इमारतीही तयार होत्या. जमलेल्या पाहुण्यांदेखत गव्हर्नरांनी फ्रामजींना चांदीचा पेला दिला.

माल्कम यांना या भेटीचे एवढे अप्रूप का वाटले, हे समजायला त्यांची इतर कामे पाहावी लागतात. १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला त्यांनी सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. १८३० मध्ये पश्चिम हिंदुस्थानची कृषी आणि उद्यानविद्या संस्था निघाली आणि तिने शिवडीला बाग केली. पुण्यात कोथरूडच्या बाजूला मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थांनी तुती लावून रेशीम काढण्याचा उद्योग आरंभला. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे माल्कम यांच्याच काळात वसले आणि पेठेला त्यांचे नाव पडले. चीन आणि मलायातून आणलेले कैदी तिथे भाजीपाला आणि बटाटे पिकवत. दख्खन आणि कोकणातून विलायतेला विकता येईल असे एखादे पीक काढायचे, ही त्या दशकातल्या मुंबई सरकारची ध्यासाची गोष्ट होती. पवईचा डोंगर या साऱ्यात मुंबईला सर्वांत जवळचा होता. सकाळी निघून दुपारी मळा पाहता येई.

चहाचा विषय याच दशकात पुढे आला. १८३३ च्या कायद्याने चीनच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी गेली. १८३४ मध्ये लॉर्ड बेंटिंक यांनी हिंदुस्थानात चहा लावता येईल का, हे पाहण्यासाठी समिती नेमली. १८३९ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. मग दार्जिलिंग, कांगडा आणि निलगिरीचे उतार चहाने भरत गेले. साष्टीच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरांना ते का जमले नाही, याचे कारण पावसाच्या वेळापत्रकात आहे. चहाच्या झाडाला पाऊस भरपूर लागतोच, पण तो वर्षभर पसरलेला लागतो. कोवळी पालवी पुन्हा पुन्हा खुडायची, तर झाडाला पुन्हा पुन्हा फुटावे लागते. साष्टीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक पडतो, तोही त्याच चार महिन्यांत. नंतर सात-आठ महिने डोंगर कोरडा ठणठणीत. उतारावरचा मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी धरून ठेवायलाही काही नाही. महाबळेश्वरपेक्षा आसामात पाऊस जास्त पडतो असे नाही. तिथे तो मार्चपासूनच सुरू होतो, आणि सारा फरक एवढ्याने पडतो. महाबळेश्वरला लिंगमळ्याच्या उतारावर १८६० च्या दशकात सरकारने कोयनेलसाठी सिंकोना लावला. हिवतापाने पोखरलेल्या मुलखाला त्या सालीची गरज फार मोठी होती, पण तो मळाही काही वर्षांतच सोडून द्यावा लागला.

पवईचा ऊस, नीळ आणि तुती यांचेही पुढे फारसे काही झाले नाही. निळीत बंगालशी टक्कर देणे अशक्य होते. तुतीची पाने रोज खुडून किड्यांना घालायला जितके हात लागतात, तितकी वस्ती या जंगली टापूत नव्हती. टिकला तो आंबा. पवईच्या कलमांची ख्याती झाली आणि १८३८ मध्ये फ्रामजींनी व्हिक्टोरिया राणीला आंब्यांची भेट बोटीने रवाना केली. आंब्याखेरीज ताड-माडाची झाडे टिकली आणि सर्वांत जास्त टिकले ते गवत. मुंबईतल्या घोड्यांना, गाड्यांच्या बैलांना आणि गोठ्यांतल्या म्हशींना वैरण लागे. डोंगरउतारावरचे गवत दिवाळीनंतर कापायचे, वाळवून गंज्या घालायच्या आणि होडीने किंवा पुढे रेल्वेने मुंबईला धाडायचे. त्याला ना विहीर लागे, ना घाणा. डोंगरातले वारली आणि इतर आदिवासी वरकस जमिनीत राब भाजून नाचणी-वरी पिकवत होते, ते तसेच पिकवत राहिले. मळेवाल्यांच्या कागदांत त्यांचा उल्लेख बहुधा मजूर म्हणूनच येतो. त्या उतारांची माती त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तिथे काय येईल हे त्यांना विचारले असते तर बराच पैसा वाचला असता.

साष्टीच्या उत्तर टोकाला हा पट्ट्याचा प्रकार उशिरा पोचला, आणि पोचला तो डोंगरावर न चढता खाडीत उतरला. घोडबंदरला डोंगर जवळजवळ पाण्यात पाय बुडवून उभा आहे. पोर्तुगीज चर्चची घुमटाची जुनी वास्तू इंग्रजांनी बंगला म्हणून वापरली आणि दौऱ्यावरचे अधिकारी व प्रवासी तिथे उतरत. तिथून पश्चिमेला मीरे, काशी, नवघर, गोडदेव, खारी, भाईंदर आणि त्यापलीकडे राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन असा मुलूख पसरलेला. डोंगरी-उत्तनच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. वसईच्या वेढ्यात मराठ्यांना तो फार मोलाचा ठरला. या टेकडीखेरीज बाकीचा बराचसा भाग सखल होता. उधाणाला खाडीचे पाणी आत शिरे आणि ओहोटीला चिखल मागे ठेवून जाई. अशा जमिनीला खाजण म्हणतात. बांध घालून ती गोडी करण्याची कला कोकणात जुनी. समुद्राकडून अशी मिळवलेली शेते शिलोत्री नावाच्या हक्काने धरली जात आणि नव्या खारीला पहिली काही वर्षे सारा माफ असे.

१८६० च्या दशकात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईच्या खाडीवरून मुंबईकडे आली आणि भाईंदरला स्टेशन झाले. त्यानंतर लगेच, १८७० मध्ये, भाईंदर, मीरे आणि घोडबंदर या गावांतल्या जमिनींचा पट्टा सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या मुदतीने दिला. बदल्यात पट्टेदाराने बांध घालून खाडीचे खारे पाणी शेतात शिरू द्यायचे नव्हते, आणि कुळांच्या पिकातला तिसरा हिस्सा घेण्याचा त्याला हक्क होता. पवईच्या पट्ट्याचेच हे भावंड. फरक इतकाच की भांडवल विहिरी-घाण्यांऐवजी मातीच्या बांधांत घालायचे होते.

बांध म्हणजे एकदा घालून विसरण्याची गोष्ट नव्हे. चिखल, दगड आणि पेंढा यांनी तो उभा राहतो. खेकड्यांनी पोखरला की गळतो आणि भाद्रपदातल्या उधाणात एका रात्रीत फुटतो. पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायला आणि भरतीचे आत येऊ न द्यायला उघाड्या ठेवाव्या लागतात. बांध धरला की दोन-तीन पावसाळ्यांत माती धुऊन निघे आणि खारवट जमिनीत चालणारे लाल भात घेता येई. जिथे माती गोडी होण्यासारखी नसे, तिथे मीठ. राई, मुर्धे, भाईंदर इथल्या आगरी कुटुंबांना दोन्ही कामे येत. पावसाळ्यात भात, पाऊस संपला की मिठागर. उधाणाचे पाणी मोठ्या कोंडीत घ्यायचे, तिथून एकापेक्षा एक उथळ खाचरांतून फिरवत उन्हात आटवायचे, आणि शेवटच्या कुंडीत तळाशी दाणा धरला की फावड्याने ओढून काठावर ढीग लावायचे. डिसेंबरपासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत एवढाच काय तो हंगाम. चहाला नडणारे सात-आठ कोरडे महिने मिठाला मात्र हवेच असतात.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्यांचा प्रश्न कायद्यापुढे आला. १९४८ च्या कूळकायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, कसणाऱ्या कुळांना मालकीची वाट मोकळी झाली. त्याआधी १९५१ मध्ये मुंबई राज्याने खास साष्टीतल्या इस्टेटींसाठी कायदा केला. या इस्टेटींना असलेली महसुलाची माफी संपली आणि पट्टेदाराने कधीच उपयोगात न आणलेली पडीक जमीन सरकारकडे आली. त्यासाठी १४ ऑगस्ट १९५१ ही तारीख ठरवली गेली: त्याआधी जमीन लागवडीखाली आणली होती की नाही, बांधकाम केले होते की नाही, हे पाहायचे. दीडशे वर्षांपूर्वीच्या पट्ट्याची मूळ अट म्हणजे पडीक जमीन सुधारणे, तीच अशा रीतीने कोर्टकचेऱ्यांत पुराव्याचा मुद्दा होऊन बसली. विहीर होती का, आमराई होती का, गवत कापले जाई का, यावर जमिनीचा धनी ठरू लागला.

पवईची बरीच जमीन त्याआधीच, १८९१ च्या सुमारास, मुंबईच्या पाण्यासाठी बांधलेल्या तलावाखाली गेली होती. ते पाणी पिण्यालायक निघाले नाही आणि तलाव फक्त नावाला पाणीपुरवठ्याचा राहिला. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी त्याच्या काठी आली. भांडुप, कुर्ला, विलेपार्ल्यात घरे उठली. मीरा-भाईंदरमध्ये १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. खाजणांवर इमारती आल्या आणि १८७० च्या पट्ट्यातून आलेल्या हक्कांचा वाद शहर झाल्यावरही चालू राहिला.

आज काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने चेण्याकडे निघाले की उजव्या हाताला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर लागतो. पुढे नागला भागातली जंगलवाट वसईच्या खाडीला समांतर जाते. पानगळीच्या दिवसांत तिथे सागाची, ऐनाची वाळकी पाने पायाखाली वाजतात आणि खाली ओहोटीला उघडा पडलेला चिखल दिसतो. घोडबंदरच्या किल्ल्यावरून पाहिले की खाडीचा वळसा आणि पलीकडचा वसईचा किनारा एका नजरेत मावतो. डोंगर, खाडी आणि मधला सखल पट्टा कसा एकमेकांत गुंतला आहे, ते तिथूनच नीट कळते. राई-मुर्ध्याच्या बाजूला जुन्या मिठागरांची चौकटदार खाचरे आणि त्यांच्या कडेचे मातीचे बांध अजून ओळखू येतात.