उगीच बसलायस का?

आजचं रेकॉर्डिंग केडगावातून, घराच्या गच्चीवरून. मागून हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

तर झालं असं, दोन महिने मी बेंचवर आहे. आयटीवाल्यांना सांगायला नको: पगार चालू, प्रोजेक्ट नाही, आणि नोकरी कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून घरी आलो. इथे आजी रोज विचारते, "उगीच बसलायस का रे?" तो ‘उगीच’ फार लागला. म्हटलं, या शब्दाची हिस्ट्रीच काढू.

जुन्या मराठीत ‘उगा’ म्हणजे शांत, गप्प. त्यात टोमणा नव्हता. रडणाऱ्या बाळाला आपण ‘उगी, उगी’ म्हणतो, तो हाच शब्द. पण ‘उगाच’, ‘उगीच’ म्हटलं की आज अर्थ होतो विनाकारण, फुकट. म्हणजे गप्प बसणं आणि वाया जाणं एकाच शब्दात येऊन बसलं.

इंग्रजीतल्या ‘आयडली’चा प्रवास उलट्या बाजूने झाला. जुन्या इंग्रजीत ‘आयडल’ म्हणजे रिकामं, पोकळ. त्यावरून व्यर्थ, आणि मग काही न करता. (टास्क मॅनेजरमधली ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ आठवा, तिथे अजून रिकामं हाच अर्थ आहे.) ‘स्टँड आयडली बाय’ म्हणजे तर समोर वाईट घडतंय आणि आपण नुसते बघत उभे. सरळ आरोपच!

आता आपल्या नगरच्या किल्ल्यात चला. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले आणि इथे आणून ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद. बाहेर ‘चले जाव’ पेटलेलं आणि ही माणसं आत नुसती बसलेली. नेहरू वाफे खणायचे, फुलझाडं लावायचे. १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. हे आपण शाळेत ऐकलेलं असतं.

मी अडकलो आझादांपाशी. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी झुलेखा कलकत्त्यात मरणाच्या दारात होती. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने विचारलं, सरकारला काही कळवायचंय का? आझादांनी सांगितलं, सरकारकडे काही मागायचं नाही. ती गेली. हे इकडेच होते.

आता याला कुठलं क्रियाविशेषण लावायचं? बघणाऱ्याला तर फक्त एक माणूस बसलेला दिसला असता. मला हे पटतं का? खरं सांगू, पूर्ण नाही. मी असतो तर अर्ज केला असता. पण ‘आयडली’ म्हणायला जीभ रेटत नाही.

आझाद त्या काळात एका मित्राला पत्रं लिहीत होते. पाठवायची सोय नव्हती, लिहून ठेवायचे. त्यात झुलेखाच्या जाण्याबद्दलही आहे. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापून आली.

आजीला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बाईला कुणी विचारलं का?"

मी उगा राहिलो.