पांढऱ्या पट्ट्या आणि काळं दातवण

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना जे "म्हणजे", "आणि हां" येतं त्यातलं बरंचसं काढलंय, सगळं निघालेलं नाही.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून घेतलाय. लग्न दीड महिन्यावर आलंय, ऑनलाइन दात पांढरे करायच्या पट्ट्या मिळतात, त्या घरच्या घरी लावू का? मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण प्रश्नाच्या मागे मला एक दुसरा प्रश्न दिसला. लग्नाआधी दात पांढरेच करायचे, हे ठरवलं कोणी? कारण आमच्या शिवाजी पेठेतल्याच एखाद्या जुन्या वाड्यात, चार-पाच पिढ्यांमागं, लग्न झालेली बाई दात मुद्दाम काळे करत असणार.

त्याला दातवण म्हणत. आज हा शब्द ऐकला की आपल्याला कडुनिंबाची काडी आठवते, पण जुन्या मराठीत दातवण म्हणजे दात काळे करायची पूडसुद्धा. त्यातला मुख्य माल दोन गोष्टींचा. एक हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. दुसरा हिरडा किंवा मायफळ, म्हणजे टॅनिन. लोह आणि टॅनिन भेटले की काळा रंग तयार होतो आणि तो सहजासहजी जात नाही. लोखंडी कढईत आवळा शिजवून बघा, तीच रासायनिक क्रिया. युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज ज्या शाईने लिहिले गेले, तीसुद्धा हीच. थोडक्यात, आपल्या पणज्यांच्या पणज्या दातांवर शाई लावत होत्या.

आणि ही नुसती हौस नव्हती. दातवण कुंकू-काजळाच्या ओळीत बसायचं. नवरा गेला की बाईचं जे जे सुटायचं, त्यात तेही. म्हणजे पांढरे दात दिसले की बघणाऱ्याने काय समजायचं ते समजून घ्यायचं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून जाईना. आज जो रंग आपण पैसे मोजून मागवतो, तोच कधीकाळी एखाद्या बाईवर लादलेला होता.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. उत्तरेत मिस्सी होती. जपानमध्ये ओहागुरो होतं, तिथंही लोह आणि टॅनिन हाच मसाला. तिथल्या सरकारने 1870 मध्ये उमरावांना त्याची बंदी केली आणि 1873 मध्ये सम्राज्ञी स्वतः पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. मग फॅशन फिरली. आपल्याकडं असा एका दिवसाचा हुकूम निघाला नाही, प्रथा हळूहळू विरत गेली. (रोमन लोक लघवीने दात घासायचे ती गोष्ट मी सांगणार नाही. ती तुम्हाला प्रत्येक रीलमध्ये सापडेल.)

काळे करायचे हा झाला एक भाग. स्वच्छ करायचे हा वेगळा, आणि तो फार जुना. सुश्रुताने काडी कशी असावी ते मोजमापासकट सांगितलंय: बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड. कडूंमध्ये कडुनिंब उत्तम, तुरटांमध्ये खैर, गोडांमध्ये मोह, तिखटांमध्ये करंज. इतकं नेमकं स्पेसिफिकेशन मला ऑफिसातसुद्धा कधी मिळत नाही. घरोघरी मात्र राखुंडी चालायची. गोवरीची राख, कोळसा, मीठ, कुठं विटेची पूड. यानं दात चकचकीत दिसायचे, कारण ते खरवडले जायचे. दाताचं वरचं कवच, इनॅमल, जिथं सगळ्यात जाड तिथंही साधारण अडीच मिलिमीटर. ते झिजलं की आतलं डेंटिन दिसतं, आणि डेंटिन मुळातच पिवळसर असतं. म्हणजे जास्त घासा, जास्त पिवळे व्हा. हल्ली कोळशाची टूथपेस्ट महाग विकतात, तेव्हा मला चूल आठवते.

मग कंपन्या आल्या. माकड छाप काळी टूथ पावडर तुमच्या आजोबांना विचारा, डबीसकट आठवेल. कोलगेटची भारतातली कंपनी 1937 ची. 1952 मध्ये केशव पेंढारकरांनी मुंबईत परळला विको सुरू केली, आणि सुरुवात दंतमंजनानेच केली. पेस्ट नंतरची. पुढं विकोचं सरकारशी भांडण लागलं. हा माल सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध? उत्तरावर अबकारी कर ठरणार होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विको जिंकली. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता मिश्री. कोल्हापूरबद्दल बोलायचं आणि मिश्री टाळायची, हे जमणार नाही. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटर, सगळा तंबाखूचा पट्टा. तव्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दातांना घासायची. नाव दात घासण्याचं, काम नशेचं. माझी आज्जी पहाटे न्हाणीच्या दगडावर बसून लावायची, आणि दुपारी, आणि कंटाळा आला की. मी एकदा विचारलं, आज्जे, दात घासायला एवढा वेळ? ती म्हणाली, "दात कुठं घासतोय लेका, डोस्कं घासतोय." घरातल्या बाईला बिडी ओढायला बंदी, मिश्रीला नाही, कारण ती दंतमंजनाच्या कपाटात बसायची. हिरड्या खाली सरकतात, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. केंद्र सरकारने 1992 मध्ये टूथपेस्ट आणि टूथ पावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. उत्पादक कोर्टात गेले, 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. पण घरच्या तव्याला कुठला कायदा लागणार? सुटी तंबाखू घ्या, भाजा, झालं.

आणि आता त्या पट्ट्या. गोष्ट अमेरिकेतल्या आर्कान्सासची. 1960 च्या दशकाच्या शेवटी बिल क्लुस्मायर नावाचा दात सरळ करणारा डॉक्टर पेशंटच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी एक जंतुनाशक द्यायचा, रात्री दातांच्या साच्यात भरून ठेवायला. त्यात 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही उजळले. बग शोधायला गेलो आणि फीचर सापडलं, असा प्रकार. हेवुड आणि हेमन या दोघांनी 1989 मध्ये ही पद्धत रीतसर प्रसिद्ध केली. 2001 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने साचा काढून टाकला आणि पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीवर जेल लावून ती दुकानात ठेवली. त्या पहिल्या पट्टीत 5.3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास, 14 दिवस.

ही खरवडत नाही, इथं राखुंडीपेक्षा वेगळी. पेरॉक्साइड इनॅमलच्या आत झिरपतं आणि रंग देणारे रेणू तोडतं. चहाचे डाग, वयाचा पिवळेपणा यावर चालतं. काही दिवस दात शिवशिवतात, बहुतेकांचं ते थांबतं. हिरडीला जेल लागलं तर ती पांढरी पडून चुरचुरते. कॅप आणि सिमेंटचा रंग अजिबात बदलत नाही, त्यामुळं पुढच्या दाताला कॅप असेल तर तोच एकटा वेगळा दिसायला लागतो. लहानपणी टेट्रासायक्लिन घेतल्याने आलेला करडेपणा दोन आठवड्यांत हलत नाही. फ्लोराइडच्या पाण्याने पडलेले पांढरे ठिपके तर सुरुवातीला आणखी उठून दिसू शकतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या श्रोत्यांनी हे खास ऐकावं. आणि मिश्रीने, माव्याने दात काळवंडलेत, हिरडी सरकलीय, तिथं पट्टी लावणं म्हणजे उघड्या मुळावर पेरॉक्साइड.

विकोचा प्रश्न आठवतो ना? ब्रिटनमध्ये हाच वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला: दात पांढरे करणारं जेल वैद्यकीय साधन की सौंदर्यप्रसाधन? 2001 चा निकाल, सौंदर्यप्रसाधन. पुढं युरोपने 2011 मध्ये नियम बदलला. 0.1 टक्क्यापर्यंत पेरॉक्साइड कोणालाही विका. त्यावर 6 टक्क्यांपर्यंत असेल तर पहिली वेळ दंतवैद्याच्या हाताखालीच, आणि 18 वर्षांखालच्यांना नाही. म्हणजे अमेरिकेत जी पट्टी औषधाच्या दुकानात शांपूशेजारी मिळते, ती युरोपात थेट हातात देत नाहीत.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, माझं मत असं. पाकिटावर पेरॉक्साइडचा टक्का छापलेला नसेल तर घेऊच नको. टक्का असेल तरी आधी एकदा दात दाखवून ये. कीड असेल, सिमेंट फुटलेलं असेल तर जेल थेट नसेपर्यंत झिरपतं, आणि ती कळ हळदीच्या दिवशी नको. दीड महिना आहे, म्हणजे दात साफ करून घ्यायला भरपूर वेळ आहे. निम्मे डाग तर तिथंच जातात. मग वाटलं तर पट्टी लाव. आणि नवरीकडच्यांनी दातांबद्दल काही म्हटलं म्हणून हे चाललं असेल, तर हा भाग त्यांनाही फॉरवर्ड कर. दातवणाची गोष्ट पाचव्या मिनिटाला आहे.