मोजणीबाहेरचा प्रेक्षक : काशीद किनाऱ्यावरील चित्रपट-मालिकांविषयीच्या लोकमताचा इतिहास

चित्रपट किंवा मालिका पाहून उठल्यावर सामान्य प्रेक्षक जे बोलतो, त्याची नोंद समीक्षेच्या इतिहासात क्वचितच होते. वृत्तपत्रांतील परीक्षणे, पुरस्कारांच्या याद्या आणि तिकीटबारीचे आकडे जपले जातात. मात्र कथा पटली की नाही, सुनेने एवढे सोसायला हवे होते का, गाणी उगाच घुसडली आहेत का, याविषयी ओटीवर, एसटीच्या थांब्यावर किंवा मासळीच्या टोपलीभोवती दिलेले निवाडे बोलले तिथेच विरतात. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद आणि त्याच्या आसपासची किनारपट्टी हा अशा न नोंदलेल्या मताचा मागोवा घेण्यास विशेष सोयीचा प्रदेश आहे, कारण चित्रपटधंद्याची राजधानी असलेली मुंबई येथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर असली, तरी रस्त्याने ती त्याच्या दुप्पट लांब पडते आणि चित्रपटगृह चालावे एवढी वस्ती काशीदला कधीच नव्हती. साहजिकच येथे चित्रपट उशिरा पोहोचे; त्याच्याविषयीचे मत मात्र बहुधा त्याच्या आधी येऊन पोहोचलेले असे.

स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्यात मोडत नव्हता. रेवदंड्याजवळ समुद्राला मिळणाऱ्या कुंडलिकेच्या उत्तरेला ब्रिटिश अंमल होता, तर दक्षिणेकडील काशीद, नांदगाव, मुरूड हा पट्टा सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात होता; १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये लागला, त्यानंतरच्या दीड दशकात सरकारने चित्रपटाविषयी जे कायदे केले आणि ज्या चौकशा बसवल्या, त्या ब्रिटिश मुलखापुरत्या होत्या. त्यांपैकी १९२७-२८ मधील, टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समिती येथे महत्त्वाची, कारण भारतीय प्रेक्षकाला काय आवडते हे सरकारने एवढ्या विस्ताराने प्रथमच विचारले. समितीपुढे साडेतीनशेच्या आसपास साक्षी झाल्या आणि खुद्द फाळक्यांनीही साक्ष दिली. पण साक्षीदार होते निर्माते, चित्रपटगृहांचे मालक, अधिकारी आणि सुशिक्षित पुढारी. पिटातल्या, म्हणजे सर्वांत स्वस्त दराच्या जागेवर बसणाऱ्या प्रेक्षकाला पौराणिक चित्रपट आवडतात, मारामाऱ्या आवडतात, असे त्याच्याविषयी पुष्कळ सांगितले गेले, त्याला स्वतःला मात्र फारसे कोणी विचारले नाही. खाडीपलीकडच्या संस्थानी खेड्यातला माणूस तर त्या चौकशीच्या कक्षेतही नव्हता.

या माणसाचे मत घडण्याची वाट मुंबईतून येत होती. कोकणातील इतर गावांप्रमाणे या किनाऱ्यावरील घरेही पोटापाण्यासाठी मुंबईवर अवलंबून होती. घरातील एखादा तरी पुरुष गिरणीत, गोदीत किंवा खाजगी नोकरीत असे आणि मनिऑर्डर हा संसाराचा आधार असे. असा चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करून सणावाराला गावी येणारा माणूस, गणपतीला आणि शिमग्याला परतताना कापडचोपडासोबत चित्रपटांच्या कथाही आणी. लालबाग-परळच्या गिरणगावात लालबागचे भारतमाता हे चित्रपटगृह मराठी चित्रपटांसाठी ओळखले जाई, आणि तेथे पाहिलेला चित्रपट गावी आरतीनंतरच्या बैठकीत संवादांसह उभा केला जाई. ऐकणाऱ्यांना चित्रपट पाहण्यापूर्वीच तो चांगला की वाईट हे ठाऊक होई, आणि सांगणाऱ्याच्या रंगवून सांगण्यामुळे काही सुमार चित्रपटांना गावात त्यांच्या लायकीपेक्षा मोठा मान मिळत असणार, हेही उघड आहे.

गिरणगावातील या मताला किती वजन होते, याचा सर्वश्रुत दाखला १९७१ चा आहे. दादा कोंडके हे स्वतः गिरणगावातले. त्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा नाकारून तेथे हिंदी ‘तेरे मेरे सपने’ लावण्याचा बेत झाला, तेव्हा शिवसेनेने हस्तक्षेप केला, ‘सोंगाड्या’ लागला आणि तुफान चालला. शिष्ट समीक्षेने कोंडक्यांच्या द्व्यर्थी विनोदाला पुढेही नाके मुरडली, परंतु त्यांचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत राहिले. समीक्षक आणि पिटातला प्रेक्षक यांच्यातील ही तफावत मराठीत इतकी उघडपणे आधी क्वचितच दिसली होती, आणि जो पक्ष तेव्हा जिंकला त्यात चाकरमान्यांचा वाटा लहान नव्हता.

गावाजवळ प्रत्यक्ष चित्रपट येई तो तंबूत. टुरिंग टॉकीज, अर्थात फिरते चित्रपटगृह, ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक दशके चाललेली व्यवस्था होती : ट्रकमध्ये प्रोजेक्टर, जनरेटर, कनाती आणि रिळांचे डबे घालून जत्रेच्या किंवा आठवड्याच्या बाजाराच्या गावी मुक्काम ठोकायचा, दिवसा भोंगा लावलेल्या गाडीतून जाहिरात करायची आणि अंधार पडल्यावर खेळ सुरू करायचा. कोकणातील पावसामुळे हा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन वैशाखात संपे. तंबूतील व्यवस्थेचा एक बारकावा प्रेक्षकाच्या मताच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कायम चित्रपटगृहात दोन प्रोजेक्टर असत, त्यामुळे एक रीळ संपताच दुसऱ्या यंत्रावरचे सुरू होऊन चित्र अखंड दिसे. तंबूत बहुधा एकच यंत्र असे, आणि हजार फुटांचे रीळ अवघ्या अकरा मिनिटांत संपत असल्याने, रिळे जोडून दुप्पट लांबीची केली तरी वीस-बावीस मिनिटांनी दिवे लावून रीळ बदलावेच लागे. या सक्तीच्या थांब्यांत, जमिनीवर बसलेला समुदाय आतापर्यंतच्या कथेची चिरफाड करी, पुढे काय होणार याच्या पैजा लावी, आणि दुसऱ्यांदा आलेला एखादा उत्साही रहस्य फोडून शिव्या खाई. शहरातील प्रेक्षकाला मध्यंतरात एकदाच मिळणारी चर्चेची संधी तंबूतल्या प्रेक्षकाला एका चित्रपटात सहा-सात वेळा मिळत होती, म्हणून तो अधिक बोलका समीक्षक झाला असल्यास नवल नाही.

सरकारला या बोलण्यात नव्हे, तर तिकिटांत रस होता. १९२३ च्या मुंबई करमणूक कर कायद्यान्वये प्रत्येक तिकिटामागे कर द्यावा लागे, आणि १९५३ च्या कायद्यान्वये खेळाचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देत. त्यामुळे किती तिकिटे फाडली गेली याचा हिशेब कागदावर राहिला, ती माणसे समाधानाने घरी गेली की चरफडत, याचा राहिला नाही. पुढे केबलवरही जोडणीनिहाय कर बसला तेव्हा तो चुकवण्यासाठी जोडण्या कमी दाखवण्याची रीत सर्वत्र पडली, म्हणजे प्रेक्षक कागदावरून आणखी पुसट झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला आणि ती नोंदवहीही मिटली.

दूरचित्रवाणीने भूगोल उलटा केला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या लहरी सरळ रेषेत जात असल्याने, सह्याद्रीने त्या जेथे अडवल्या तेथील मोठ्या गावांपेक्षा मधे उघडा समुद्र असलेल्या रायगडच्या किनाऱ्याला त्या पकडणे सोपे होते. तरीही काशीदच्या अंतरावर चित्र मिळवण्यासाठी उंच पाइपवर ॲन्टेना आणि जोडीला बूस्टर, म्हणजे क्षीण संदेश वाढवणारे उपकरण, लागे. खाऱ्या वाऱ्याने पाइप गंजे, ॲन्टेनाचे तोंड फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर गाव, हा त्या काळचा रिवाज होता. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ मालिका या कार्यक्रमांचा निवाडा सामुदायिक असे, आणि यजमानाला संच बंद करण्याचा अधिकार असला तरी तो वापरण्याची छाती सहसा होत नसे.

याच काळात प्रेक्षकाच्या मताला प्रथमच पत्ता मिळाला. आकाशानंद यांनी मुंबई दूरदर्शनवर केलेल्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाभोवती गावोगाव मंडळे उभी राहिली आणि प्रेक्षकांची पत्रे हा त्या कार्यक्रमाचा कणा झाला. राष्ट्रीय पातळीवर ७ जुलै १९८४ पासून चाललेल्या ‘हम लोग’ मालिकेला सुमारे चार लाख पत्रे आली आणि प्रतिसाद पाहून कथानकाला वळणे दिली गेली. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर मत कळवणारा प्रेक्षक हा चित्रपटगृहात शिट्टी वाजवणाऱ्यापेक्षा सामर्थ्यवान होता, कारण शिट्टी ऐकायला दिग्दर्शक तेथे हजर नसे.

चित्रपटाबाबत असे सामर्थ्य दिसले ते १९९० च्या ‘अग्निपथ’च्या वेळी, आणि त्याचा या किनाऱ्याशी जवळचा संबंध आहे. मुकुल आनंद दिग्दर्शित या चित्रपटाचा नायक अलिबाग तालुक्यातील मांडव्याचा. अमिताभ बच्चन यांनी त्यासाठी घोगरा, बदललेला आवाज लावला, आणि तो प्रेक्षकांना इतका खटकला की पुढे नेहमीच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रण करावे लागले. त्याच भूमिकेसाठी बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे परीक्षकांचे आणि तिकीट काढणाऱ्यांचे मत पुन्हा जुळले नाही. २०१२ मध्ये हा चित्रपट नव्याने निघाला तेव्हा मांडवा गाव दीव येथे उभे केले गेले. मुंबईच्या प्रेक्षकाला फरक पडला नसेल. ज्यांनी मांडव्याच्या धक्क्यावरून लाँच धरली आहे त्यांना तो समुद्र, ती घरे आणि तो उजेड आपला नाही हे पहिल्याच दृश्यात कळते.

पडद्यावरील कोकणाविषयी या भागातील प्रेक्षकाची तक्रार याहून जुनी व रास्त आहे. मराठी मालिका-चित्रपटांत कोकण म्हणजे मालवणी बोली, दशावतार आणि भुताखेतांची घरे, असे समीकरण रूढ झाले आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ ही २०१६ मध्ये सुरू झालेली मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीची; तिने आपली बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गातून हरकती आल्या, आणि त्याच मालिकेतील अण्णा नाईक पुढे घराघरांत लाडके झाले. काशीदहून आकेरी रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर दक्षिणेला आहे आणि तेथील बोली उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी कानांना परकीच वाटते. आगरी बोली पडद्यावर येते ती मुख्यतः विनोदासाठी, एखाद्या दांडगट वा भोळ्या पात्राच्या तोंडी. उत्तर कोकणाच्या वाट्याला नायक फार कमी आले आणि हसे पुष्कळ आले, हा येथील प्रेक्षकाचा आक्षेप निर्मात्यांनी कधी गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.

तो घेतला न जाण्यामागे मोजणीची पद्धतही होती. अल्फा मराठी १९९९ मध्ये आणि ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाल्यावर मालिकांचे भवितव्य टीआरपीवर ठरू लागले. टीआरपी म्हणजे निवडक घरांतील संचांना मापक यंत्र जोडून, कोण काय व किती वेळ पाहतो यावरून काढलेला अंदाज. ही यंत्रे प्रामुख्याने शहरांत होती. बार्क या मापन संस्थेने ग्रामीण भागाचे आकडे देण्यास सुरुवात केली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये. याचा अर्थ असा की, पहिली सोळा वर्षे ज्या मालिका काशीदच्या घराघरांत रोज संध्याकाळी पाहिल्या गेल्या, त्या चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, या निर्णयात त्या घरांना मतच नव्हते. ग्रामीण आकडे आल्यावर मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांचे बळ अचानक ध्यानात आले आणि जाहिरातदारांनाही खेड्यातला प्रेक्षक दिसू लागला. तरीही हे यंत्र संच चालू होता एवढेच सांगते. समोर बसलेली बाई भाजी निवडता निवडता लेखकाचा उद्धार करत असेल, तर तेही त्याच्या लेखी लोकप्रियतेतच जमा होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि मुरूड-श्रीवर्धन परिसर अनेक दिवस विजेविना राहिला. टाळेबंदीत जुन्या ‘रामायणा’च्या विक्रमी प्रेक्षकसंख्येची चर्चा झाली होती, त्यानंतरचे हे दिवस येथील प्रेक्षकासाठी पडद्याविनाच गेले.

अलीकडे मताचा प्रवास पुन्हा जुन्या चालीवर आलेला दिसतो. २०२३ मध्ये केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ जाहिरातीपेक्षा एका बाईने दुसरीला सांगितल्यामुळे चालला आणि बचत गट, भिशी मंडळे, शेजारणी गाड्या करून तो पाहायला गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’लाही तोंडी शिफारशीनेच प्रेक्षक मिळवून दिला, ‘चिमणराव’मध्ये पाहिलेले दिलीप प्रभावळकर त्यात ऐंशी ओलांडलेल्या वयात प्रमुख भूमिकेत होते, आणि ज्या पिढीने ओटीवर बसून त्यांना पहिल्यांदा पाहिले तिला हा चित्रपट कसा वाटला, हे एकाही मापकाला सांगता येणार नाही.

या इतिहासाची साधने वेगाने नाहीशी होत आहेत. तंबू सिनेमाच्या परवान्यांचे आणि करमणूक कराचे जे कागद अलिबागच्या जिल्हा कार्यालयात उरले असतील, त्यांची सूची होणे आवश्यक आहे; जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या व हस्तपत्रके ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनी ती रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयाला द्यावीत; आणि तालुक्यातील महाविद्यालयांनी तंबूत रीळ बदलताना झालेल्या चर्चा आठवणाऱ्या माणसांच्या मुलाखती आताच ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण त्यांतील बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.